थोरियम, अमेरिशियम, बेरियम

सोडियम तिच्या हातून निसटलं आणि थेट खालच्या माणसाच्या ओंजळीत जाऊन पडलं.

शिडीच्या वरच्या पायरीवर ती, खाली तो, आणि मधे नुकतीच पुसलेली, अजून ओली फरशी. सोडियम म्हणजे तळहाताएवढी लाकडी पाटी. पाटीवर रंगवलेली संज्ञा, संज्ञेखाली काचेची बंद नळी, नळीत तेल आणि तेलात त्या धातूचा निमूट बसलेला तुकडा. पाण्याशी गाठ पडली की हा निमूटपणा संपतो, हे तिला ठाऊक होतं. मग खालून आवाज आला,

“तुमचं काहीतरी पडलं.”

“पडलं कुठे? झेललंत ना तुम्ही.”

“मग परत टाकू?”

ती हसली नाही. कुणाच्या बोलण्यावर लगेच हसायची तिला सवय नव्हती. पण उतरताना तिची एक पायरी चुकली, आणि तेवढं त्याने पाहिलं.

तो काचवाला होता. फुंकून काच घडवायचा. प्रयोगशाळांना लागणाऱ्या नळ्या आणि चंबू त्याच्या भट्टीतून जात. बोटांवर जुन्या भाजण्याचे पांढुरके ठिपके, ओठ मिटलेले, जणू ते बोलण्यापेक्षा फुंकण्यासाठीच राखून ठेवलेत. विज्ञान संग्रहालयाच्या साहेबांनी त्याला बोलावणं धाडलं होतं, कारण मूलद्रव्यांच्या भिंतीवरच्या नळ्या हल्ली आपल्या आपण तडकायला लागल्या होत्या.

भिंत तिची होती. म्हणजे संग्रहालयाची; पण सांभाळायला तीच. जगात जेवढी मूलद्रव्यं तेवढे कप्पे, कप्प्याकप्प्यात पाटी, पाटीवर नळी. जी मूलद्रव्यं जवळ ठेवणं धोक्याचं, किंवा जी जन्मतात न जन्मतात तोच विरून जातात, त्यांच्या नळ्या रिकाम्या. भिंतीखाली एक पितळी पट्टी होती. रोज सकाळी ती दोन-चार पाट्या काढून त्या पट्टीवर उलटसुलट लावून ठेवी. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्या नीट लावायच्या आणि शब्द वाचायचा. संज्ञा परक्या लिपीतल्या, वाचायच्या मात्र आपल्या बोलीत. प्रोटॅक्टिनियमचा ‘पा’, निकेलचा ‘नी’, झालं पाणी. रेडियमला निकेल भेटलं की राणी. टँटलम आणि रेनियम शेजारी बसले की तारे. कुठे ‘न’चा ‘ण’ करायचा, कुठे एखादा काना कमी पडला तर वाचणाऱ्याने आपल्या पदरचा घालायचा. लोक तिला कोडेबाई म्हणत, आणि तिला ते आवडे. तिचं खरं नाव हाक मारायला होतं. हे नाव तिने कमावलेलं होतं.

“असं करू,” ती काचवाल्याला म्हणाली, “संध्याकाळी बंद करताना मी ही पट्टी रिकामी करते. ज्या नळीला तडा दिसेल, तिची पाटी तेवढी पट्टीवर राहू देईन. तुम्ही सकाळी येऊन न्यायची. मी नसले तर रखवालदार दार उघडेल.”

“म्हणजे संध्याकाळनंतर पट्टीवर जे राहील, ते माझं.”

“तडा गेलेलं,” तिने दुरुस्ती केली.

“तेच म्हणतोय.”

असं ते ठरलं. आणि ठरलं तसं चालू झालं.

तो येई, पाट्या कापसात गुंडाळून आपल्या पेटीत ठेवी, नव्या काचेसकट परत आणून लावी. ती शिडी धरी. शिडी धरायला रखवालदारही होता. पण त्याचे गुडघे दुखतात असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. सकाळचं ऊन उंच खिडकीतून तिरपं उतरे, भिंतीवरच्या नळ्या एकेक करून उजळत, आणि दोघं ते बघत राहत.

एके दिवशी त्याने पट्टीवरचं कोडं लावून पाहिलं. मॉलिब्डेनम आणि टायटॅनियम. दोनच पाट्या.

“तीमो,” त्याने वाचलं. “तीमो कोण?”

“तीमो कुणी नाही.”

“मग लिहिलंय कशाला?”

“तुम्ही उलट्या लावल्यात. अशा का लावल्या?”

“टायटॅनियमची नळी आखूड आहे. मॉलिब्डेनमची लांब. आखूड आधी, लांब मग. दुकानात आम्ही तशीच मांडतो.”

तिने कपाळाला हात लावला. “काच बघू नका हो. अक्षरं बघा!”

“काच दिसत असताना अक्षरं कशी बघणार?” तो खरंच विचारात पडला. “बरं, उत्तर सांगा.”

“छे. कोडं घालणाऱ्याने उत्तर सांगायचं नसतं. सांगितलं की कोडं मेलं.”

“मग मला ते जन्मात सुटणार नाही.”

“तर मग नाही सुटणार.”

“ठीक आहे, तीमोबाई,” तो पेटीची कडी लावत म्हणाला. मोती समोर लखलखत होता आणि हा माणूस तीमो घेऊन चालला होता. त्या दिवशी ती दुपारी हिशोबाच्या टेबलाशी बसलेली असताना एकटीच हसली. रखवालदाराने वळून पाहिलं, तशी खोकली.

“अधूनमधून नुसतं बघायलाही येत जा,” ती पुढे कधीतरी म्हणाली. खिडकीकडे बघत, जणू खिडकीलाच सांगतेय.

“काम असल्याशिवाय मी कुणाच्या दाराची कडी वाजवत नाही,” तो म्हणाला. “लहानपणापासूनची खोड आहे. रिकाम्या हाताने गेलो की हातांचं काय करायचं ते कळत नाही.”

तिने ते मनात ठेवलं. त्यानंतर नळ्यांना तडे जरा बारकाईने शोधू लागली. सापडत होते, हेही खरं.

“पण या फुटतात का?” तिने एकदा विचारलं. “कुणी हात लावत नाही, धक्का नाही, काही नाही.”

त्याने पेटीतून दोन काळसर पारदर्शक पापुद्रे काढले. एक नळीच्या मागे धरला, एक पुढे, आणि खिडकीच्या उजेडात तिला म्हणाला, “बघा.”

ती वाकली. साध्या पांढऱ्या काचेत रंग उमटले होते. निळा, पिवळा, काठाला जांभळा, पाण्यावर तेल पसरावं तसे.

“किती सुंदर!”

“सुंदर कसलं? ताण आहे तो. घडवणाऱ्याने घाई केली. ज्वाळेतून काढली आणि तशीच गार होऊ दिली. वरून गार झाली, आत ताण राहून गेला. अशी काच वर्षानुवर्षं काही बोलत नाही. सगळ्यांना वाटतं किती शांत आहे. आणि मग एका सकाळी, कुणी बोटही लावलेलं नसताना…” त्याने तोंडाने बारीक ‘टिक’ असा आवाज केला.

दोघांची डोकी जवळ होती. त्याच्या सदऱ्याला तापल्या काचेचा, गॅसचा वास होता. ती आधी सरळ झाली.

“मग करायचं काय?”

“काही नाही. पुन्हा तापवायची. आणि या वेळी हळूहळू गार होऊ द्यायची. घाई न करता.”

तो पापुद्रे पुसून ठेवत होता तोवर तिने उगाचच दोन सरळ पाट्या आणखी सरळ केल्या.

दिवस असेच गेले. मग एका बुधवारी शिडीवरूनच, पाठमोरा, तो म्हणाला,

“सोमवारी निघतोय मी.”

“कुठे?”

“काचेच्या कारखान्यात. लांब आहे. रात्रभराची गाडी. पक्की नोकरी आहे.”

तिने शिडी घट्ट धरली. शिडी हलत नव्हती.

“तिथे काय घडवणार?”

“मी काही नाही. तिथे मशीन फुंकतं. मी बघायचं, नीट फुंकतंय की नाही.”

“आवडेल तुम्हाला?”

“माझी ताई म्हणते, पगार आवडेल.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

तो उतरला. फडक्याला हात पुसत राहिला, हात कोरडे झाले तरी. “इथे राहा असं कुणी म्हणालं नाही. तिकडे या असं त्यांनी म्हटलं. मग मी ‘येतो’ म्हणालो.”

एवढं सरळ वाक्य तिच्या पुढ्यात येऊन उभं राहिलं होतं. तिने फक्त तोंड उघडायचं होतं. तिने उघडलं, आणि म्हणाली,

“वा. अभिनंदन.”

त्याने मान हलवली, पेटी उचलली आणि तो गेला. पेटीतल्या नळ्या किणकिणत फाटकापर्यंत गेल्या. अभिनंदन! तिला आपली जीभ चावावीशी वाटली.

घरी मावशी सदऱ्याला बटण लावत बसली होती. मावशी जन्मभर रुग्णालयात परिचारिका होती. सुई टोचण्याआधी ‘आता दुखेल हं’ असं तोंडावर सांगणारी बाई. तिच्यापासून काही लपत नसे. टाके घालता घालता तिने सगळं काढून घेतलंच.

“आणि तू म्हणालीस अभिनंदन.”

“मग काय म्हणायला हवं होतं?”

“अगं, लहानपणी तहान लागली तर ‘ओळखा पाहू मला काय हवंय’ म्हणायचीस. तेव्हा कौतुक वाटायचं. आता एवढी घोडी झालीस. सरळ बोललीस तर जीभ झिजेल का तुझी?”

“मला नाही जमत, मावशी. तोंडाशी येतं आणि आत वळतं.”

“तुझ्या त्या भिंतीत म्हणे सगळं जग आहे.” मावशीने दोरा दाताने तोडला. “मग ‘मी’ आहे का गं त्यात?”

तिने डोळे मिटले. सगळी भिंत तिला पाठ होती. ओळीमागून ओळ ती चालत गेली. ‘ती’ होती. ‘ते’ होते, ‘हे’ होतं. ‘मी’ नव्हता. ‘तू’ नव्हता. ‘जाऊ नका’ लिहावं तर ‘ज’ला लागणारं अक्षर अख्ख्या भिंतीत कुणाकडेच नव्हतं. पृथ्वी, पाणी, तारे ज्यातून झाले ते सगळं होतं, आणि दोन माणसांना लागणारे दोन शब्द नव्हते.

पण परत येताना, अगदी खालच्या रांगेत, तिची पावलं अडली. थोरियमचा ‘थ’. अमेरिशियमचा ‘अम’. आणि वर, डाव्या हाताला, बेरियमचा ‘बा’.

थ… अम… बा.

फक्त एक काना कमी. तेवढा त्याने आपल्या पदरचा घालावा.

गुरुवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने तिन्ही पाट्या काढल्या. थोरियमच्या नळीत जुन्या गॅसबत्तीच्या जाळीचा चिमूटभर तुकडा, अमेरिशियमची नळी रिकामी, बेरियम तेलात. उलटसुलट केल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा तिने कोडं सोडवूनच ठेवलं. पट्टीवर तिन्ही ओळीने लावल्या, दिवे मालवले आणि बाहेर पडली. फाटकाशी एकदा थांबली. परत जाऊन काढून ठेवाव्या का? नाही गेली.

शुक्रवारी ती आली तेव्हा पट्टी रिकामी होती.

“काचवाले येऊन गेले,” रखवालदार म्हणाला. “तीन पाट्या घेऊन गेले.”

“काही… म्हणाले?”

“म्हणाले, येतो.”

येतो! तिने तो शब्द दिवसभर उलटून-पालटून पाहिला. जाणाराही येतो म्हणतो, येणाराही येतो म्हणतो. त्याने वाचलं असेल. वाचून पाट्या सोबत नेल्या, म्हणजे काय? ठेवून घेतल्या? भिंतीत तीन कप्पे दात पडल्यासारखे रिकामे दिसत होते. “इथलं कुठे गेलं?” असं कुणी विचारलं की ती म्हणे, “दुरुस्तीला,” आणि कान गरम होत. त्या दिवशीचं कोडं तिने इतकं सोपं घातलं की लोक सोडवून पुन्हा तिच्याकडे बघायला लागले.

शनिवारी दार उघडायच्या आधी तो आला. पेटी टेबलावर ठेवली, कापूस बाजूला केला.

“घ्या. तिन्ही नव्या. शेवटचं काम आहे म्हणून जरा जास्तच निगुतीने केलं.”

ती त्या पाट्यांकडे बघत राहिली. नितळ, नवी काच. तेलात बेरियम. जाळीचा तुकडा. आणि रिकामी नळी, टोकाशी थेंबासारखी मिटलेली.

“तुम्ही… यांच्या नळ्या बदलल्यात?”

“पट्टीवर होत्या ना. पट्टीवर राहील ते माझं, असं ठरलं होतं.”

तिचा आधी हिरमोड झाला. मग कुठूनसं हसू वर आलं, आणि ते हसू डोळ्यांपर्यंत येता येता ओलं झालं. एवढं मोठं धाडस केलं, आणि या माणसाने त्याची दुरुस्ती करून आणली!

“तडा कुठे होता त्यांना?” तिने विचारलं.

“तेच तर!” तो एकदम बोलता झाला. “नव्हताच. पापुद्र्यातून पाहिल्या. थोडासुद्धा रंग नाही. निवांत काच. दोनदा पाहिल्या.”

“मग बदलल्या कशाला?”

“तुम्ही काढून ठेवल्या होत्या.” त्याला यात आणखी काही सांगण्यासारखं आहे असं वाटत नव्हतं. “म्हटलं, मला दिसत नाही, पण यांना काहीतरी दिसलं असेल. तुमची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे.”

“रिकामीसुद्धा?”

“रिकामीला काय ज्वाळ कमी लागते? तीही तेवढीच सांभाळून मिटावी लागते.”

बाहेर वारा होता. उंच खिडकीवर झाडाची एक फांदी घासत होती. सोमवार आता फक्त एका रविवारापलीकडे होता.

तिने पाट्या उचलल्या आणि एकेक करून पट्टीवर लावल्या. तो पुढे झाला.

“डावीकडची जरा तिरकी बसलीय…”

“काच बघू नका,” ती म्हणाली. “एवढं एकदा. अक्षरं बघा.”

तो मागे सरला. हात मागे बांधून, वर्गात उभं केलेल्या मुलासारखा वाचू लागला. “थ. अम. बा.” मग पुन्हा. “थम… बा.” ओठ हलले आणि हलायचे थांबले.

फांदी खिडकीवर दोनदा घासली.

“हे गुरुवारी होतं?” त्याचा आवाज बदलला होता.

“हो.”

“मी वाचलंच नाही. मी मापं घेतली.” तो पट्टीवरून नजर काढत नव्हता. “कुणी थांबायचंय?”

ते भिंतीत नव्हतं. तिने त्या दिवशी अख्खी भिंत पालथी घातली होती. ते तिथे नव्हतंच. कुणीतरी आपल्या पदरचं घालायला हवं होतं, आणि कोडं तर तिचं होतं.

“तुम्ही,” ती म्हणाली.

“कुणासाठी?”

“उत्तर सांगायचं नसतं, पण सांगते.” तिने श्वास घेतला, तो फुंकण्याआधी घ्यायचा तसा, पोटापासून. “माझ्यासाठी. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. काम असो नसो. मला… तुम्ही आवडता. बस. झालं सांगून.”

कोडं मेलं. तिला वाटलं होतं फार दुखेल. दुखलं, पण मावशीच्या सुईइतकंच.

त्याने कापूस गोळा केला, पेटीत कोंबला, कडी लावली. कडी दोन प्रयत्नांत लागली. दाराशी जाऊन वळला.

“मी असं… लगेच काही…” तो शब्द शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हते. “घाईने गार झालेली काच मला चालत नाही.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “सावकाश.”

तो गेला. या वेळी पेटी किणकिणली नाही. आत काही नव्हतंच.

रविवार गर्दीचा गेला. सोमवारी संग्रहालय बंद. तिने घरातली कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा आवरली. संध्याकाळी लांबून गाडीची शिटी ऐकू आली. मावशीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि तिच्यापुढे चहाचा कप सरकवला. तिने तो प्यायला. सांगून टाकलेलं असल्यामुळे आत काही अडकलेलं नव्हतं. वाईट वाटत होतं, पण ते स्वच्छ होतं.

मंगळवारी ती नेहमीसारखी लवकर आली. रखवालदार फाटकाशी बसला होता. त्याने काही सांगायला तोंड उघडलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, मिश्यांतल्या मिश्यांत हसला आणि पुन्हा आपल्या गुडघ्याला तेल चोळू लागला.

दालनात ऊन आलं होतं. भिंतीवरच्या नळ्या एकेक करून उजळत होत्या. शिडी भिंतीला लावलेली होती, आणि शिडीशी तो उभा होता. सदरा धुतलेला. हात मोकळे, आणि त्या हातांचं काय करावं हे त्याला खरोखरच कळत नव्हतं. एकदा खिशात, एकदा मागे, एकदा शिडीवर.

ती दारातच थांबली.

“पेटी कुठाय?”

“घरी,” तो म्हणाला. “आज काही काम नाही.”

“मग?”

“मग काही नाही. नुसता आलोय.”

ती पुढे झाली. शिडीवर चढायचं होतं, आजचं कोडं लावायचं होतं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तसे त्याचे हात आपसूक शिडीवर आले आणि तिथेच स्थिरावले. त्यांना काम सापडलं.

“सांभाळून, तीमो,” तो म्हणाला. “पडलीस तर झेलीन, पण आधी सांग.”

“सांगेन,” ती म्हणाली, आणि या वेळी लगेच हसली.